मायच्या दुपारी स्टोव्हनं खाल्ल्या

स्टोव्हनं बायकांचा वेळ वाचवला, असं कोणी माझ्यासमोर म्हणू नका. आज तर मुळीच नाही.

माय सकाळी गेली.

भेटायला आलेले बाबांचे एक जुने मित्र म्हणाले, "सुखात होती वयनी. त्या टाइमले फुलसावंगीत तिच्या घरी स्टोव्ह होता!"

तिथे मी ऐकून घेतलं. इथे बोलते.

मी लहान होते, आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. घरात सगळ्या गप्पा शिक्षणाच्या. माय लग्नाआधी चौथी शिकलेली. तिला बाहेरून सातवीची परीक्षा द्यायची होती. मास्तरीण व्हायचं होतं.

तेव्हा सकाळचा सयपाक आटोपला की चूल विझायची. दुपारी कोणी आलं तर पाणी अन् गुळाचा खडा. चहा मागितलाच तर माय म्हणायची, "चूल इझली, भाऊ."

विषय संपला. दुपार तिची. पुस्तक घेऊन बसायची.

मग बाबांनी यवतमाळहून पितळी स्टोव्ह आणला. मनापासून आणला, खोटं कशाला बोलू.

"आता तुले अभ्यासाले टाइमच टाइम," म्हणाले.

झालं उलटंच. दुपारी ओसरीत बाबांची मंडळी जमायची. समाज, विहार, शाळा. अन् आतमध्ये आवाज, "वयनी, स्टोव्ह हाय ना, टाका चहा!"

पंप मारा. पिन घाला. भडका उडाला की मागं सरका. काजळीची भांडी घासा. घासलेटच्या लायनीत उभं राहा. कप विसळेपर्यंत दुसरी बैठक हजर.

चूल विझली म्हणायची सोयच उरली नाही.

परीक्षा तालुक्याच्या गावी होती. त्या सकाळी माय नवं लुगडं नेसून निघाली, अन् दारात बाहेरगावचे पाहुणे.

बाबा म्हणाले, "एक चहा टाक अन् जाय. कितीसा टाइम लागते?"

स्टोव्ह चोंदला. पिन आत मोडली. चहा झाला तोवर तालुक्याला जाणारी सकाळची एकच मोटर निघून गेली होती.

चहा घेऊन ती ओसरीत आली तेव्हा एक पाहुणे सांगत होते, "आपल्या बायायनं शिकलंच पाह्यजे."

मायनं कप ठेवले. "मी त्याच्यासाठीच चालली होती. मोटर गेली."

मग कोणीतरी म्हणालं, "पुढच्या वर्षी द्या, बाई."

अन् चहा प्यायले सगळे. गरम होता ना.

पुढच्या वर्षी माझा भाऊ झाला. मग बहीण. मायनं परीक्षा कधीच दिली नाही.

माझी सातवीची परीक्षा आली तेव्हाही ओसरी भरलेलीच होती. माझा हात धरून माय सगळ्यांसमोर उभी राहिली.

"आज चहा नाही. पोरीले परीक्षेले घेऊन चालली मी."

बाबा म्हणाले, "अवं, पाच मिनिटं..."

"नाही म्हटलं ना."

मोटर यायला खूप वेळ होता. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. तिनं माझ्याकडून कविता म्हणवून घेतल्या. तिला सगळ्या पाठ होत्या. माझी एक ओळ चुकली तर हसली.

मी मास्तरीण झाले. पेन्शन घेते.

माझ्या घरी गॅस आहे, मिक्सर आहे, फ्रिज आहे. त्यातून वाचलेला वेळ कोणाच्या हाती पडला, ते आपापल्या घरात बघा. मला 'किती सोय झाली' सांगायला येऊ नका.

माय, तुझी आठवण रोज येईल.
शेवटचा जयभीम.

तुझी थोरली