समजा, तुम्ही नाई

डोक्यावरची काळी टोपी काढून बडे बाबू ती समोरच्याच्या खुर्चीच्या पाठीला अडकवायचे, एक पाऊल मागे सरायचे आणि शांतपणे म्हणायचे, "समजा, तुम्ही नाई."

हे माझ्या बाबतीत झालं तेव्हा 'नाई' म्हणजे 'नाही', एवढंच मला कळलं. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून नुकतीच चांद्याला आलेली. इथली बोली मला अर्धी कळायची, आणि उरलेली अर्धी विचारायचं धाडस नव्हतं. मला वाटलं, आता नोकरी जाणार.

कंपनी लाकडाची होती. तिथे सगळे त्यांना बडे बाबू म्हणत. ठेंगणे, सावळे, वरोऱ्याकडचे. कोटाच्या खिशात कायम फुटाणे. वाईट बातमी सांगायच्या आधी ते मूठभर पुढे करायचे, त्यामुळे त्यांचा हात खिशाकडे गेला की लोक सावध व्हायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती काय काम करतात हे विचारलं, तर नेमकं सांगता येत नाही.

आमच्या खोलीला सगळे खबरखाना म्हणत. बल्लारशाला मालगाडीचे डबे केव्हा लागणार, कोणत्या डेपोतून साग निघाला, कुठला ट्रक चिखलात रुतला, हे सगळं त्या खोलीतून जायचं. टेलिफोनच्या बोर्डावर मी. टाइपरायटरवर पिंपळशेंडे. जंगलातल्या डेपोंपर्यंत गेलेली टेलिफोनची तार सांभाळायला रैनू, आष्टीकडच्या एका गोंड पाड्यावरचा. आणि सगळ्यांवर बडे बाबू.

एका उन्हाळ्यात कंपनीचे मालक, शेटजी, दारात उभे राहून म्हणाले, "चार लोग काऊन पाहिजे? आपण लकडी बेचतो, खबर नाई बेचत. पाऊस लागायच्या आत एक कमी करा, बडे बाबू. कोन, ते तुम्हीच ठरवा."

त्या दिवशी बडे बाबूंनी सगळ्यांना फुटाणे दिले. कुणी खाल्ले नाहीत.

त्यांची ठरवायची रीत वेगळी होती. "काम किती आहे असं विचारलं, तर ज्याले त्याले आपला डोंगरच दिसते," ते म्हणाले. "माणूस उचलून पाहावं. काय पडते, ते आपोआप दिसते." ज्याची पाळी, त्याला ते घरी पाठवणार आणि त्याच्या जागी स्वतः बसणार.

पहिली पाळी रैनूची. त्या दिवशी नेमकी आलापल्लीच्या डेपोची लाइन मेली. बडे बाबू रैनूची पकड कमरेला खोचून, सायकल मारत, तारेच्या कडेकडेनं जंगलात गेले. परतले ते अंधार पडता पडता, टोपीशिवाय. लाइन मेलेलीच होती.

"काय झालं जी?" पिंपळशेंड्यांनी विचारलं.

"काय सांगू बाप्पा! माझ्या आधीच एक उमेदवार खांबावर चढून होता. काळा, केसाळ. मी त्याले म्हणलो, तूच घे नोकरी."

दुसऱ्या दिवशी रैनू हसत हसत खाली बसला. "तार गुणगुणते ना बाबू. अस्वलाले वाटते, मोहोळ आहे."

"मंग तू काय करतं?"

"गाणं म्हणत जातो. मोठ्यानं."

"अन् ते पळते?"

"माझं गाणं तुम्ही आयकलं नाई अजून," रैनू म्हणाला. दुपारी त्यानं लाइन जोडून दिली, आणि येताना बडे बाबूंची टोपीही शोधून आणली.

मग पिंपळशेंडे. त्यांच्या घरी नुकतंच बाळ झालं होतं. घरी बसा म्हटल्यावर ते बसले नाहीत. छत्री विसरली म्हणून आले. भर उन्हात छत्री! थोड्या वेळानं डबा विसरला म्हणून आले. खिडकीशी उभं राहून, एका बोटानं टाइप करणाऱ्या बडे बाबूंकडे ते असे बघत होते, जणू परक्यानं त्यांचं लेकरू उचललं आहे. बडे बाबू मान वर न करता म्हणाले, "घरी जा पिंपळशेंडे. तुम्ही डोळ्यासमोर राह्यले, का हिशेब खोटा होते."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

माझी पाळी झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या बोर्डाशी आले. "बाई, काल आलापल्लीवाला मले म्हणते, बाईले द्या, मी बाईलेच सांगीन. मी म्हणलो, बाई नाई. तर त्यानं फोनच ठेवला. तुम्ही त्याले काय देता जी?"

"काही नाही," मी म्हणाले. "मी फक्त ऐकते."

"हं," ते म्हणाले, आणि खिशाकडे हात न नेता निघून गेले. माझ्यावाचून काही अडतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी कानाला यंत्र लावून बोर्डाकडे तोंड वळवलं, कुणाला माझा चेहरा वाचता येऊ नये म्हणून.

"आता उरलो मी," बडे बाबू म्हणाले. टोपी स्वतःच्याच खुर्चीला अडकवली. "समजा, मी नाई." आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले.

त्या दिवशी शेटजी खुद्द येऊन खोलीत बसले. काम कुठेच अडलं नाही. पत्रं गेली, डबे भरले, ट्रक निघाले. शेटजी खूश होऊन उठले. त्यांना फक्त खोली दिसत होती. माझ्या बोर्डापाशी एक खिडकी होती, तिच्यातून मला बाक दिसत होता. गाडीवान आत यायच्या आधी बाकापाशी थांबत होते, फुटाणे घेत होते, आणि काय करायचं ते ठरवूनच आत येत होते. पिंपळशेंड्यांना सारखी तहान लागत होती, आणि माठ बाकाशेजारी होता. रैनूनं सायकलची चेन बाकापाशीच बसून साफ केली, फार वेळ.

कमी कोण, ते ठरलं. शेवटच्या दिवशी बडे बाबू निरोप घ्यायला माझ्याजवळ आले. मी सहसा स्वतःहून बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"बडे बाबू, तुम्ही घरी गेला नव्हता. समोर बसला होता."

त्यांनी आधी शेटजी कुठे आहेत ते पाहिलं. "या खिडकीतून लई ऊन येते, बाई. बंद ठेवत जा."

"तुम्हीच म्हणाला होता, हिशेब खोटा होतो म्हणून."

"होते ना. रैनू गेला तर तार मरते. तुम्ही गेल्या तर डेपो मुका होते. पिंपळशेंडे गेला तर काय होते? सांगा."

मी टाइपरायटरकडे पाहिलं.

"काईच नाई होत. टाइपवाला दुसरा भेटते. पण त्याच्या घरी पाळणा हलून राह्यला. हे शेटले मी कोणत्या खुर्चीत बसून दाखवू?"

त्यांनी फुटाण्यांची मूठ पुढे केली. मी ओंजळ धरली. "माझी वरोऱ्याकडं थोडी कापसाची पऱ्हाटी आहे," ते म्हणाले, "अन् पऱ्हाटी कोनाले काई विचारत नाई. सुखच आहे."

दिवाळीनंतर जंगलात कटाई सुरू झाली. पिंपळशेंडे आता मान खाली घालून टाइप करतात आणि पाणी फारसं पीत नाहीत. रैनू बाकापाशी उगाच थांबतो आणि मग सायकलवर टांग टाकतो. सुरुवातीला डेपोवरून फोन यायचा, "बडे बाबूले द्या ना, बाई. काय करू, ते विचाराचं आहे." मी सांगायची, "नाहीत." पलीकडचा माणूस फोन ठेवायचा. मग ट्रक रुतलेलाच राहायचा, डबे रिकामे निघून जायचे, आणि शेटजी विचारायचे, मला कुणी सांगितलं कसं नाही?

गेल्या आठवड्यात पुन्हा आलापल्लीचा फोन वाजला. लाइनवर खरखर होती आणि तारेची ती गुणगुण.

"बडे बाबू आहेत का जी?"

मी खिडकीतून बाकाकडे पाहिलं.

"समजा, आहेत," मी म्हणाले. "बोला."

त्यानं फोन ठेवला असं वाटलं. मग एक लांब श्वास ऐकू आला.

"तर काय झालं, बडे बाबू," तो सांगू लागला.