गोगलगायीची परीक्षा

आमच्या भावोजींनी पारखल्याशिवाय घरात घेतलेली एकच गोष्ट म्हणजे आमची ताई. हे वाक्य ताईचंच. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती ते ऐकवायची आणि भावोजी चष्मा पुसत हसायचे. चष्म्याच्या काचा घासून नंबराला आणायचं त्यांचं काम. दुकानामागच्या खोलीत फिरत्या चाकापाशी दिवसभर उभे, बोटांना कायम काच घासल्याचा पांढरा लगदा. काच उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायची इतकी सवय, की बाजारात टोमॅटोसुद्धा ते तसाच धरून बघत.

ताई बस स्टँडवर गाड्या पुकारायची. भोंग्यातला तिचा आवाज सगळ्या गावाच्या ओळखीचा होता, आणि घरी आली तरी तो फारसा खाली उतरायचा नाही. भावोजी कमी बोलणारे, त्यामुळे जोडा झकास जमला. मूल झालं नाही. घरात आली ती सवत.

सवत म्हणजे काचेची टाकी. समुद्रासारखं खारं पाणी, त्यात दगड, दगडांवर वाढणारी जिवंत पोवळी, दोन नारिंगी मासे आणि काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या डझनभर गोगलगाई. भावोजी दुकानातून आले की चपला काढायच्या आधी टाकीपाशी. ताई म्हणायची, "सवत आणलीत ती आणलीत, निदान भांडी घासणारी तरी आणायची."

मग ताईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जिच्या आवाजावर गाड्या सुटायच्या तिला घोटभर पाणी मागता येईना. डावा हात हलायचा, पण उचलला की भरकटायचा, बोट दाखवायला जावं तर भलतीकडेच. समजत मात्र सगळं होतं. हे मी, तिच्या सेवेला येऊन राहिलेली धाकटी बहीण, छातीठोकपणे सांगते, कारण माझा चहा बिघडला की ती माझ्याकडे अगदी पूर्वीसारखीच बघायची.

भावोजींनी टाकी उचलून तिच्या खोलीत आणली आणि खाटेच्या उजव्या अंगाला, उशीच्या उंचीवर बसवली. दिव्याचा उजेड ताईच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून टाकीच्या वरच्या कडेला समोरून वीतभर रुंदीची फळी चिकटवली. तिथली पाण्याची रेघ त्या फळीआड गेली. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. आता त्या खोलीत गेले की आधी मला ती फळीच दिसते.

ताईचं मन सवतीत रमलं. मधोमध हिरव्या बोटांचं एक मोठं पोवळं होतं. दिवा लागला की ते फुलायचं आणि पाण्याच्या झोताबरोबर त्याची बोटं डुलायची. ताई तासन् तास तिकडे बघायची. तिला बघायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला दाराबाहेर नेऊन बजावलं, "त्यांचं ते बघणं सुटू देऊ नका. सध्या त्यांना धरून ठेवणारं तेवढंच आहे." मी हे भावोजींना सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतं.

कारण त्यांनी टाकीचा ध्यासच घेतला. या पोवळ्यांना हाडं असतात म्हणे, आणि ती नीट वाढायला पाण्यात मॅग्नेशियम पुरेसं लागतं. ते उतरलं की पाण्यातलं कॅल्शियम पोवळ्यांना मिळायचं सोडून पंपावर नि हीटरवर पांढरं पुट धरतं. आमच्या टाकीत तसं पुट धरायला लागलं होतं. शोभेच्या माशांच्या दुकानात मॅग्नेशियमची बाटली मिळते, पण अत्तराच्या भावाने. ताईच्या औषधांपुढे ती बाटली परवडणं शक्य नव्हतं.

भावोजी स्वस्त मॅग्नेशियमच्या मागे लागले. आधी औषधाच्या दुकानातून एप्सम सॉल्ट आणलं, दुखरे पाय शेकायला गरम पाण्यात घालतात ते. मी विचारलं, सवतीचे पाय दुखतात की काय. पण नुसत्या त्याच्यावर भागत नाही, दुसरंही एक मीठ जास्त प्रमाणात लागतं, मॅग्नेशियम क्लोराइड. ते त्यांनी आंघोळीच्या पाण्यात घालायच्या पुड्यांमधून मिळवलं. त्या पुड्याही महागल्या. मग कुणीतरी सांगितलं, की कच्च्या रस्त्यावरची धूळ बसवायला हेच मीठ पाण्यात कालवून फवारतात. भावोजी रस्त्याच्या कंत्राटदाराचं गोदाम शोधून आले आणि स्कूटरवर पायाशी पोतं ठेवून घरी आले. दोघांना वर्षभर पुरेल, म्हणाले. दोघांना म्हणजे ताईला आणि सवतीला.

पोत्यावर नाव बरोबर होतं. पण नावावर विश्वास ठेवतील तर ते भावोजी कसले. नवं मीठ आणलं की ते बादलीत टाकीसारखं पाणी कालवायचे, त्यात ते मीठ घालायचे आणि एक गोगलगाय रात्रभर सोडायचे. सकाळी ती तळाशी पडलेली दिसली तर मीठ नापास, बादलीच्या भिंतीवर चढलेली दिसली तर पास. याच परीक्षेत त्यांनी पूर्वी दोन मिठं फेकून दिली होती, म्हणून त्यांचा तिच्यावर फार भरवसा.

पोतं आणल्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी मला हाक मारून बादली दाखवली. गोगलगाय पाणी सोडून पार काठावर येऊन बसली होती. भावोजींचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळलेला बघितला. "धाकटे, इतकी तरतरीत गोगलगाय मी बघितली नव्हती," म्हणाले. पहिल्या नंबराने पास. मीही मान डोलावली. मला काय कळत होतं त्यातलं, कप्पाळ.

मीठ टाकीत पडायला लागलं. थोड्याच दिवसांत ताई डाव्या हाताने खाटेची पट्टी बडवायला लागली. मी पाणी द्यायची, ते नको. भांडं द्यायची, ते नको. पाठ चोळायची, उशी बदलायची, खिडकी उघडायची. ती डोळे फाडून माझ्याकडे बघायची आणि पुन्हा पट्टी बडवायची. डॉक्टरीणबाईंनी झोपेची गोळी वाढवली. मग बडवणं थांबलं, आणि आम्हाला हायसं वाटलं.

पोवळं नीट फुलेना. भावोजी म्हणाले, पुरेसं मॅग्नेशियम अजून पोचलं नाही त्याला, आणि त्यांनी मीठ वाढवलं. खोलीत एक कुबट वास यायला लागला. मी फरशी पुसून काढली, चादरी उकळल्या, वास काही जाईना.

आणि मग ताईने मान वळवली. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी कधीपासून तिची मान डावीकडे, भिंतीकडे वळवायच्या खटपटीत होती. ती तसूभर हलत नव्हती. एके दिवशी आम्ही आत गेलो तर ताई आपल्या आपण भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्या मुलीने टाळ्या वाजवल्या. भावोजींनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. मी ताईच्या केसांवरून हात फिरवत तिला शाबासकी दिली. ती भिंतीकडेच बघत राहिली. त्यानंतर तिचं तोंड बहुतेक वेळ तिकडेच असायचं, आणि आम्ही म्हणायचो, छान चाललंय.

एका दुपारी माझी कंबर धरली, म्हणून मी ताईशेजारीच खाटेवर आडवी झाले, तिच्याच उशीवर डोकं टेकून. तोंड टाकीकडे. उभ्याने कधी दिसलं नव्हतं ते तिथून फळीच्या खालून सगळं दिसलं.

उरलेल्या सगळ्या गोगलगाई पाण्याबाहेर होत्या. फळीआडच्या काचेवर, कडेला, एकीवर एक चिकटून बसलेल्या. काही वाळून गेल्या होत्या. एक माझ्यादेखत सुटून पाण्यात पडली आणि तळाला गेली, तिथे आधीच चारपाच शंख पालथे पडले होते. वरून मिटल्यासारखं दिसणारं पोवळं उशीच्या बाजूने सोलून निघालं होतं, आतलं पांढरं हाड उघडं पडलं होतं. तो वास त्याचा होता. ताई दिवसचे दिवस याच उशीवरून हे बघत होती.

मी वळून तिच्याकडे बघितलं. तिनेही मान हळूहळू माझ्याकडे फिरवली. मला तिच्यासमोर लाज वाटली, आणि भीतीही वाटली.

मी फोन केला. भावोजी बोटांवरच्या लगद्यासकट धावत आले. मी त्यांना फक्त उशीवर डोकं ठेवायला लावलं.  मग उठून त्यांनी माशांच्या दुकानदाराला बोलावून घेतलं.

दुकानदार भला माणूस. त्याने टाकीत एकदाच डोकावलं आणि मीठ बघायला मागितलं. पोत्यातली चिमूट तळहातावर घेऊन तो म्हणाला, हे रस्त्याचं आहे, वरून जाणाऱ्या ट्रकचे पत्रे गंजू नयेत म्हणून यात औषध मिसळतात, ते या जिवांना विष. भावोजींना ते पटेना. त्यांनी बादलीची सगळी हकीगत सांगितली, गोगलगाय कशी सगळ्यात वर, काठापर्यंत चढली होती ते सांगितलं.

"चढली नव्हती हो ती," दुकानदार म्हणाला. "पळत होती."

 भावोजींनी सावकाश खाटेकडे बघितलं. ताईचं तोंड पुन्हा भिंतीकडे होतं. 

"आणि आपण हिला शाबासकी देत होतो," ते म्हणाले.

टाकी रिकामी केली. दोन मासे तेवढे तगले होते, ते दुकानदार घेऊन गेला. फळी मी स्वतः उचकटायला गेले, पण भावोजींनी काढू दिली नाही, ती तशीच रिकाम्या काचेवर आहे. खाट आता खिडकीकडे वळवली आहे. ताईची मान आता दोन्हीकडे वळते, त्या व्यायामाच्या मुलीला फार समाधान आहे. ताई जेवते मात्र अर्धंच. डॉक्टरीणबाई हल्ली मला दाराबाहेर नेऊन काही सांगत नाहीत.

रोज दुकानात जायच्या आधी भावोजी ताईच्या खोलीत येतात आणि बादलीवर वाकायचे तसे खाटेवर वाकून तिचं तोंड कुठे वळलंय ते बघतात. त्यांच्याकडे असलं तरी हसत नाहीत, भिंतीकडे असलं तरी काही बोलत नाहीत. परवा जाता जाता माझ्यापाशी थांबले.

"धाकटे, आज ती माझ्याकडे बघून हात हलवत होती," म्हणाले. "ये म्हणत होती का गं, की जा म्हणत होती?"