शेवटच्या ओळीतले नाव

आमच्या गायनपार्टीत गाणे रचणाऱ्याचे नाव शेवटच्या कडव्यात गुंफलेले असे. त्याला छाप म्हणत. आत्याच्या साऱ्या गाण्यांवर मामांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची छाप होती. गाणी तिची. भाकरीला पापुद्रा धरेपर्यंत ती एखादी ओळ जुळवायची, आणि संध्याकाळी मामा ती पेटीवर बसवायचे. बाईची छाप जयंतीच्या मंडपात शोभत नाही, एवढेच कारण होते, आणि ते पुरत असे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. जळकोटकडच्या आमच्या गावाच्या पाटीवरचे जुन्या जिल्ह्याचे नाव खरवडून वर नवे रंगवले होते. उन्हात खालच्या अक्षरांची कड दिसत राही. पुढे दुष्काळ पडला, कार्यक्रम आटले, आणि नांदेडच्या एका कॅसेटवाल्याचा निरोप आला. पार्टी नको, एकट्या बाईचा आवाज हवा. गाणी लोकांच्या ओळखीची, वर एखादे नवे.

आत्याने एकच अट घातली. “नव्या गाण्यावर छाप माझी लागंल.”

मामा पेटीचा भाता पुसत हसले. “लाव की. मी काय तुझं तोंड धरून राहिलो का?”

मी कॉलेजात मराठी शिकत होते, म्हणून ते गाणे तिने मला आधी ऐकवले. टँकरच्या रांगेत, रिकाम्या घागरीवर बोटांनी ठेका धरून. ‘आड आटला गं बाई, डोळा आटंना.’ तिचे नाव मामांच्या नावाहून आखूड, चालीत कमी पडायचे. त्या रिकाम्या जागी तिने एक श्वास ठेवला होता. साऱ्या गाण्यात मला तो श्वासच सुंदर वाटला.

रांगेतली एक बाई म्हणाली, “लग्नात घेतलं तेवढंच व्हय गं नवऱ्याचं नाव?”

“जलमभर घेतलं की माय,” आत्या म्हणाली. “आता घसा बसला.”

कॅसेटवाल्याच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या. त्यांना जुन्या कापसाचा आणि परक्या घामाचा वास होता. आवाज येतो म्हणून पंखा बंद. पेटीवर मामा, शेजारी ढोलकीवाला, मागे झील धरायला मी. सकाळपासून आत्या जुनी गाणी गात होती. वरच्या पट्टीत तिचा आवाज किंचित फाटायचा, कोरे कापड फाटावे तसा. आटल्या विहिरीचे ते नवे गाणे तिने शेवटी ठेवले होते.

शेवटचे कडवे आले. श्वासाची जागा आली. आणि श्वास न घेताच तिच्या तोंडून मामांचे नाव निघाले. सुरेल, पूर्ण, चालीत चपखल. जिभेला संसारभराची सवय होती.

“परत घ्या,” ती लगेच म्हणाली.

कॅसेटवाल्याने बटणावर बोट ठेवले आणि मामांकडे पाहिले. फीत शिल्लक होती, वेळ होता, वीजही होती.

“कशाला? सोन्यावानी झालंय,” मामा म्हणाले. “तिच्या तोंडातच मी बसलोय, त्याला कोण काय करंल?”

ढोलकीवाला मांडीवर थाप मारून हसला. कॅसेटवाल्याने बोट उचलले. आत्याने तांब्या तोंडाला लावला. पाणी गिळले नाही, तोंडात धरून बसून राहिली.

कॅसेटवर तिचा फोटो होता, खाली तिचे नाव ठळक. पानटपरीवर, जीपमध्ये, टँकरच्या केबिनमध्येसुद्धा विहिरीचे गाणे वाजू लागले. पुढच्या जयंतीला उदगीरकडच्या एका गावाने खास तिलाच बोलावले.

तिथे शेवटच्या कडव्यात ती थांबली. श्वास घेतला. आपले नाव घेतले.

“बाई, चुकलं!” पुढे बसलेला एक म्हातारा ओरडला. “कॅसेटीत तसं न्हाई.”

“नवऱ्याचं नाव खाल्लं की वो हिनं!” बायकांतून आवाज आला. हशा झाला, मागून शिट्ट्या आल्या. “खरं गाणं म्हणा, खरं!”

मामांनी पेटी थांबवली नव्हती. तीच ओळ ते हलक्या हाताने, लहान मुलाला शिकवावी तशी, पुन्हा पुन्हा वाजवत होते.

आत्याने पदर सारखा केला आणि कडवे पुन्हा उचलले, श्वास न घेता, कॅसेटीत होते तसे. मंडप टाळ्यांनी दणाणला. मामांनी एक हात भात्यावरून काढून छातीशी नेला आणि मान लववली.