बॉनेटवरचं स्वस्तिक

मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण कुणाचा भूतकाळ उकरायचा म्हटलं की मी हजर! कोल्हापुरातल्या एका गॅरेजात शर्यतीची जुनी गाडी पुन्हा उभी करायचं चाललंय. तिचा मूळ रंग कागदांत कुठेच नाही. म्हणून म्हातारे पेंटर दत्तूमामा बॉनेट पॉलिश पेपरने हळूहळू घासत होते. काळा थर गेला, पांढरा गेला आणि खाली कुंकवाचं पुसट स्वस्तिक दिसलं.

"दसऱ्याची पूजा," मामा म्हणाले. "पांढरा मारणाऱ्यानं बाकीचा जुना रंग खरवडला, पण ह्याला हात लावायचं धाडस झालं नसंल. वरनं तसाच रंग मारलाय बघा."

कामातली कुचराईच ती. पण तिच्यामुळेच त्या रेघांखाली मूळ रंग शाबूत राहिला होता. झेंडूसारखा पिवळा!

मी रेघेवर बोट ठेवलं. रेघेची रुंदी माझ्या बोटाच्या निम्मीच होती. कागदांवर गाडीचे आजवरचे तिन्ही मालक मोठे पुरुष.

"मामा, हे कुणाचं बोट असेल?"

मामांनी रेघेकडे पाहिलं आणि पॉलिश पेपर खाली ठेवला.

"रंग कळला नव्हं? मग आता हितं घासायचं नाही."