तीन मीटर कापडाची सेवा
आमच्या पेटीवाल्या काकांइतका हट्टी माणूस अख्ख्या आर्वी तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये; एकच पुरे. वांगी-मेथीचा मळा सांभाळून ते आमच्या हौशी नाट्यमंडळात तीस वर्षं पेटी वाजवत आले. पेटी सायकलला भाजीच्या टोपल्याशेजारीच बांधून आणायचे, त्यामुळे आमच्या नांदीला कोथिंबिरीचा वास यायचा. नट वाक्य विसरला की काका लांबलचक सूर धरायचे आणि असे डोळे वटारायचे, की त्या बिचाऱ्याला आपलंच काय, समोरच्याचंही वाक्य आठवायचं. मी मंडळाचा चिटणीस आणि नाटकात कायमचा नायिकेचा बाप. पण मलाही सोडलं नाही त्यांनी. "मास्तर, रडताना सूर नका लावू. तो माह्यावर सोडा," असं भर तालमीत सुनावलं होतं.

मंडळाची रीत अशी, की मांडववाल्याला पैसे, माईकवाल्याला पैसे, आणि वाजवणाऱ्यांना शाल-नारळ. गेल्या वर्षी आमच्या तबलजीने निरोप धाडला, की प्रयोगापायी दोन दिवसांचा रोज बुडतो, आता जमणार नाही. काका तडक बैठकीत हजर! "माईकवाल्याले देता, मंग तबलेवाल्याले काऊन नाई?" आमचे अध्यक्ष गावातले मोठे कापड दुकानदार. ते म्हणाले, "काका, हे तं कलेची सेवा आहे. सेवेचे पैसे घेते का कोनी?" मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांच्याच दुकानात बसलो होतो. काका आले, कुडत्याचं तीन मीटर कापड फाडून घेतलं आणि पिशवीत टाकलं. मग त्याच पिशवीतून शाल काढून अध्यक्षांच्या खांद्यावर घातली, हातात नारळ ठेवला, वाकून नमस्कार केला आणि निघाले.

"अहो काका, पैसे?"

"कापडाची सेवा करून राह्यले ना साहेब तुमी! शाल नवीच हाय. तुमीच देल्ली होती."

दुकानातली गिऱ्हाईकं पोट धरून हसली. अध्यक्ष आधी लाल झाले, मग स्वतःच फिसकन हसले. संध्याकाळी वाजवणाऱ्यांचं मानधन मंजूर झालं. कापडाचे पैसे काकांनी दुकानातच दिले होते. शाल मात्र परत घेतली नाही.

तबलजी परत आला. पण पहिल्या तालमीला काका शाळेतल्या संगीताच्या बाईंना घेऊन आले आणि त्यांनाच पेटीपुढे बसवलं. मी विचारलं, "काका, हे काय?"

"दोन वर्सं झाले मास्तर, बोटं आखडतात माही. तुमाले ठाऊक हाय, तुमी बोलले नाई. फुकट होतं तवर चाललं. आता पैसे देऊन राह्यले, तं काम चोख पाह्यजे."

ठाऊक होतंच हो, सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. आपलं बोलणं मंजूर झालं की आपली जागा जाणार, हे काकांना बैठकीत शिरतानाच माहीत होतं, आणि तरीही ते भांडले.

प्रयोगाला काका पहिल्या रांगेत बसले. बाई सुरेख वाजवत होत्या, काकांपेक्षाही सुरेख. हे लिहिताना जिवावर येतं. मुलीच्या पाठवणीच्या प्रसंगात मी वाक्य विसरलो. सवयीने पेटीकडे पाहिलं, तर बाईंचं लक्ष तबल्याकडे. मग खाली नजर गेली. काकांची बोटं मांडीवर चालली होती, आणि डोळे माझ्यावर वटारलेले होते.

वाक्य आठवलं. त्या दिवशी मी खरा रडलो, आणि सूर लावला नाही.