लडकू भोईरने दुसऱ्यांदा विचारलं

लडकू भोईर मूळचा खारबावचा. पाच भावांत धाकटा, त्यामुळे शेत सोडून भिवंडीला लूमवर आला आणि नऊ वर्षं एका पत्र्याच्या शेडमध्ये चार-चार माग चालवत राहिला. नंतर मेहुण्याच्या ओळखीने पालिकेच्या पाणी खात्यात लागला. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून सकाळी चिंचपाड्यात यायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि नळ सुरू करायचे, हे त्याचं काम. पाणी कमी आलं की शिव्या त्याला, आणि ईदेचा शिरखुर्मा किंवा दिवाळीची करंजी तीही पहिल्यांदा त्यालाच.

त्याची एक गोष्ट मात्र कोणाला ठाऊक नव्हती, निदान त्याची तशी समजूत होती. नऊ वर्षांच्या खडखडाटाने त्याचे कान गेले होते. डावा पार गेला होता आणि उजव्याने मोठ्याने बोललेलं तेवढं कळायचं. बाकीचं तो समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचा आणि तेही जमलं नाही तर हसून मान हलवायचा. लूमवाल्यांच्या या गावात सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे निभावून गेलं.

सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर ओव्हरसियर फखरुद्दीन मोमीन यांनी त्याला बोलावून घेतलं. चिंचपाड्याच्या टोकाला, खाडीकडे उतरणाऱ्या बाजूला पालिकेची पाऊण एकर जागा मोकळी पडून होती. तिथे काय करावं हे लोकांना विचारून प्रस्ताव पाठवायचा होता. छापील फॉर्म होते. त्यावर ओळीने लिहिलेलं होतं: बाग, व्यायामशाळा, वाचनालय, इतर सोयी. त्याखाली शेवटचा प्रश्न, त्यासाठी घरपट्टीसोबत वर्षाला किती जादा भराल?

"कारकुनाला पाठवलं तर लोक तोंड उघडत नाहीत," साहेब म्हणाले. "चौऱ्याऐंशीच्या दंगलीपासून कागद घेऊन दारात आलेला माणूस दिसला की नावसुद्धा सांगत नाहीत. तुला सगळे ओळखतात. चौथी झालीये ना तुझी? दोनशे दहा घरं आहेत."

लडकू हो म्हणाला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

पुरुषांची घरं झटपट झाली. लूम कारखान्याचे मालक गुलाम हुसेन यांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "बाग लिही. कारंजं असलं पाहिजे. वर्षाला पन्नास रुपये देईन." तरुण पोरांना व्यायामशाळा हवी होती. पण दुपारी बहुतेक घरांत बायकाच असायच्या. कोणी दाराच्या पडद्याआडून बोलायची, कोणी ओढणी तोंडाशी धरून, कोणी पदराचं टोक दातात धरून. आवाज अगदी हळू. लडकूला ओठ दिसत नव्हते आणि शब्द पोचत नव्हते. पहिल्या दोघींना त्याने पुन्हा विचारलं. त्या इकडे-तिकडे पाहून आणखीच हळू बोलल्या. तिसरीच्या दारात तो ओशाळा झाला, मान हलवली आणि पहिल्याच ओळीवर खूण केली. बाग. बागेला नको कोण म्हणणार? चौथीचंही तसंच झालं, आणि मग तसंच होत गेलं.

महिनाभराने शाळेच्या पटांगणात सभा भरली. फखरुद्दीन साहेबांनी आकडे वाचून दाखवले. दोनशे दहापैकी दीडशेवर घरांना बाग हवी होती. टाळ्या पडल्या. लडकूनेही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर वाकला होता. कोणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला. हबीबाखाला उभी होती. तिचा नवरा खाडीतून रेतीच्या होड्या चालवायचा, तो जाऊन बारा वर्षं झाली होती. दोन मुली, मुलगा आणि सून घेऊन ती राहायची. मोहल्ल्यातल्या अर्ध्याअधिक बाळंतपणांना तिचे हात लागलेले.

"लडकू, माझ्या कागदावर काय लिहिलंस?"

"बाग, खाला. तुम्हीच बोललात."

"मी बोलले? माझ्या सुनेने काय सांगितलं? पलीकडच्या धोंडूबाईने?"

"सगळ्यांनी बागच..."

हबीबाखाला त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ओढणी नाकापर्यंत ओढली आणि ओढणीआडून काहीतरी म्हणाली. दोन-तीन वाक्यं असावीत. ओढणी खाली घेऊन तिने विचारलं, "सांग, आता काय म्हणाले मी?"

लडकूने हसायचा प्रयत्न केला. मान हलवायला गेला, पण ती हललीच नाही. खड्ड्यात पाणी भरत चाललं होतं.

"मी म्हणाले," ती हळूहळू, तोंड त्याच्यासमोर धरून म्हणाली, "की माझी सून सहा महिन्यांची पोटुशी आहे, आणि उजाडायच्या आत खाडीच्या झुडपांत जाते. परवा घसरून पडली. पाड्यातल्या निम्म्या घरांना संडास नाही. आम्ही सगळ्यांनी तुला तेच सांगितलं. ही गोष्ट गल्लीत ओरडून सांगायची असते का रे? तू मान हलवलीस. आम्हाला वाटलं, कोणीतरी विचारलं, कोणीतरी ऐकलं."

ती निघून गेली. त्या दिवशी नळाला पाणी किती वेळ चालू राहिलं याचंही लडकूला भान नव्हतं.

घरी येऊन त्याने बायकोला, कमळला सगळं सांगितलं. कमळ तांदूळ निवडत होती. ती उठली आणि नेहमीसारखी त्याच्या अगदी समोर येऊन बसली.

"तुला कधीपासून म्हायती हाय?" त्याने विचारलं.

"आपली गंगी पाळण्यात रडायची न् तू शेजारी बसून विडी वढायचास, तवापासून," कमळ म्हणाली. "सात वर्सं झाली. तू सांगशील म्हणून मी गप होते."

"साहेबांना कळलं तर नोकरी जाईल."

"जाईल बी. पण त्या बायांचा कागद खोटा हाय, न्हाय का?"

लडकूने तांदळाचं सूप बाजूला सरकवलं. तो म्हणाला, "तू येशील माझ्यासंगती?"

दुसऱ्या दिवसापासून दोघं निघाली. लडकू बाहेर पायरीवर कोरे फॉर्म घेऊन बसायचा, कमळ आत जायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेलं जसंच्या तसं लक्षात राहायचं. बाहेर येऊन ती त्याच्याकडे तोंड करून सांगायची आणि तो लिहायचा. बायकांची उत्तरं फॉर्ममध्ये मावेनात. नुसतं 'संडास हवा' एवढ्यावर कोणी थांबत नव्हतं. दाराला आतून कडी पाहिजे. बाहेर दिवा पाहिजे, आणि तो यायच्या-जायच्या वाटेवर, खांबाच्या मागे नको, सावलीत कोणीही लपून राहतं. भिंत उंच हवी, शेजारच्या कारखान्याच्या गच्चीवरून दिसता कामा नये. पाणी आत हवं. समासात जागा संपली की लडकू कागद उलटा करायचा. पैशाच्या प्रश्नावर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या गुणाबाईने सांगितलं की घरपट्टी तिच्या नावावर नाही, पण महिन्याला दोन रुपये ती हातात आणून देईल. तिच्यासारख्या चाळीसजणी निघाल्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन घरांतून त्यांना बाहेर काढलं. "मी सांगितलं ना एकदा? घरात बाईला वेगळं काय विचारायचं?" असं म्हणून एकाने फॉर्म चुरगळून फेकला. कमळने तो उचलून मांडीवर सरळ केला.

गुलाम हुसेन यांच्या दारात लडकू अडखळला. त्यांच्या घरात संडास होता, मोरी होती, टाकी होती. पण कमळ तोवर आत गेलीही होती. त्यांची बायको माजिदा हिने सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घेतला. कमळ बाहेर आली तेव्हा शेठ ओट्यावर उभे होते.

"काय म्हणाली? बागच ना?"

"न्हाय शेठ," कमळ म्हणाली. "त्या बोलल्या, तुमच्या खोल्यांतल्या कामगारांच्या बाया रोज दुपारी मागच्या दाराने येतात. पोटात दुखतं म्हणून. दिवसभर पाणी न पिता राहतात. मग बाई त्यांना घरातला संडास उघडून देतात. तुम्हाला म्हायती न्हाय, पण आता सांग म्हणाल्या."

शेठ आत निघून गेले. जरा वेळाने बाहेर येऊन म्हणाले, "माझाही कागद बदल. कारंजं खोड."

सोळा दिवसांनी लडकूने एकशे नव्वद फॉर्म फखरुद्दीन साहेबांच्या टेबलावर ठेवले.

"हे काय? प्रस्ताव गेलाय ठाण्याला."

"पहिले कागद खोटे हायेत साहेब. मी केले. मला ऐकू येत न्हाय."

साहेबांनी चष्मा काढला. "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंत मला?"

साहेबांनी गठ्ठा पुढे ओढला. ते एकेक फॉर्म उलटून वाचत राहिले. मध्येच एका कागदावर थांबून त्यांनी विचारलं, "खांबाच्या मागे दिवा नको, हे कोणी सांगितलं?"

"हबीबाखालाच्या सुनेने."

"इंजिनिअरला सुचलं नसतं," साहेब म्हणाले आणि वाचायला लागले.

प्रस्ताव परत मागवला गेला. त्यासाठी फखरुद्दीन साहेबांना वरून बोलणी खावी लागली आणि लडकूला लेखी समज मिळाली. कान तपासायला त्याला सरकारी इस्पितळात पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा कमळ त्याच्याबरोबर ऑफिसात जाऊन बसली होती. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की हा माणूस चावी पाइपला टेकवून हाताला जाणवणाऱ्या थरथरीवरून गळती ओळखतो, पाणी खात्याला तो हवा आहे. नोकरी राहिली. मतं गोळा करायच्या कामाचा भत्ता मात्र गेला तो गेलाच.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात त्या जागेवर बायकांसाठी बारा संडास उभे राहिले. हबीबाखालाच्या सुनेचा मुलगा तोवर चालायला लागला होता. बाग व्हायला चौऱ्याण्णव उजाडलं आणि तीही चार बाकडी, बदामाची सहा झाडं एवढीच. पण शिफ्ट सुटल्यावर उत्तरेकडचे कामगार तिथे पाय पसरून बसायचे, आणि संध्याकाळी बायका मुलांना घेऊन यायच्या. तरुण पोरांना व्यायामशाळा मिळाली नाही. त्याबद्दल ती आजही कुरकुरत असतील.

पंच्याण्णव साली दवाखान्याच्या जागेसाठी पालिकेला पुन्हा लोकांची मतं हवी होती. नव्या साहेबांनी लडकूला बोलावलं. लडकू म्हणाला, "मी न्हाय. माझी बायको जाईल, तिला दिवसाचा रोज द्या." साहेबांनी कटकट न करता तिच्या नावाचा कागद केला. एव्हाना कमळ पाड्यातल्या प्रौढ वर्गात जाऊन सही शिकली होती. तिने वाकून, जीभ दाताखाली धरून, सावकाश लिहिलं: कमळ लडकू भोईर. 'ळ' जरा कललेला आला. मग ती फॉर्मचा गठ्ठा छातीशी धरून एकटीच चिंचपाड्याकडे चालू लागली.