खाजामियाँची फांदी

खाजामियाँ घाट उतरायला लागला की आधी आवाज यायचा. खर्र खर्र, खर्र खर्र. ना सायकल दिसायची, ना माणूस. नुसता आवाज डोंगर उतरत यायचा आणि माझी आई, हरणाबाई, चुलीपुढून उठून ताकाचं भांडं दारात नेऊन ठेवायची.

तो टपालाचा माणूस, घाटमाथ्यावर राहणारा. निजामी अमलात आमच्या डोंगराखालच्या चार वाड्यांचं टपाल तो घाटावरून सायकलीनं आणायचा. मोठा रस्ता तामलवाडीकडून जातो. आमचा रस्ता त्याला फुटून काळ्या, पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरातून खाली येणारा, मुरमाचा आणि घोटाभर फुफाट्याचा. एखादी बैलगाडी, धनगरांची मेंढरं आणि खाजामियाँ, एवढीच त्याच्यावर वर्दळ. जाताना तो सायकल ढकलत चढायचा आणि येताना राजासारखा बसून उतरायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत ब्रेकचं रबर मिळेनासं झालं. त्यानं जुन्या वहाणांचे तुकडे लावून पाहिले, दोन वेळा काळ्या दगडांवर तोंड फोडून घेतलं, आणि मग युक्ती काढली. माथ्यावर बाभळीची एक फांदी तोडायची, सुंभानं सायकलीच्या मागं बांधायची आणि ती फरफटत खाली यायचं. फांदी सायकलीला मागून ओढून धरायची. फुफाट्यात केरसुणी फिरवल्यासारखी रुंद खूण उमटायची. ती दिसली की गुराखीही सांगायचे, खाजामियाँ आत्ताच गेला म्हणून.

घाटाच्या पायथ्याला आमचं एकटं घर. गावची वेस तिथून मैलभर पुढं, सगळी सपाटी. आमच्या दारात तो फांदी सोडायचा. "आक्का, सरपण आलं बगा," असं ओरडायचा आणि ताक प्यायचा. ताकाचं ते जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं भांडं त्याच्यासाठी वेगळं होतं, बाहेरच्या कोनाड्यात पालथं असायचं. त्याला ते ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आता ते भांडं आठवलं तरी माझा मलाच राग येतो.

त्याची आणखी एक खोड होती. वाईट बातमीचं पत्र असलं की तो ते लगेच द्यायचा नाही. आधी विचारायचा, "जेवला का?" नाही म्हटलं की झाडाखाली बसून राहायचा, माणसाच्या पोटात दोन घास गेल्यावर पत्र काढायचा. त्यामुळं झालं काय, की खाजामियाँनं कुणाला "जेवला का" विचारलं की बायका आधीच रडायला लागायच्या. आम्ही त्यावरून त्याची थट्टा करायचो. तो चिडायचा, पण खोड सोडली नाही.

असा हा माणूस. त्याला मी मारला. हे मधेच सांगून टाकतो, कारण उगाच मला चांगला समजून कुणी पुढं वाचू नये.

अठ्ठेचाळीसच्या वैशाखात गावात लग्न होतं. आम्ही घरदार बंद करून गावातच होतो. दुपारी अक्षता पडायच्या बेताला निजामाचे रझाकार आले. पंचवीस-तीस जण, काही घोड्यांवर, बरेचसे पायी, आणि एक सायकलीवर. माझा धाकटा भाऊ गोरोबा वेशीचा दरवाजा लावायला धावला. एक फळी त्यानं ओढली, दुसरीला हात घातला तेव्हा त्याच्या छातीत गोळी लागली. त्याला ओलांडून ते आत आले. मांडव पेटवला, कडब्याच्या गंजी पेटवल्या, नवरीच्या बापाला बैलाच्या दाव्यानं बांधून मरेपर्यंत मारलं. मी जमिनीखालच्या ज्वारीच्या पेवात लपून होतो. भावाला गोळी लागलेली पाहूनही लपलो होतो, आणि ती लाज मला जाळत होती.

ते गेल्यावर वेशीत आलो. गोरोबाच्या पायापाशी बाभळीची फांदी पडली होती, सुंभासकट. आणि फुफाट्यात ती रुंद खूण, घाटाकडून थेट वेशीपर्यंत. माणिकप्पा सुतारानं सायकलवाला पाहिला होता. अंगात खाकी, तोंडाला फडकं. खाकी तर खाजामियाँचीच, आणि सायकलही.

"त्यानंच वाट दावली," माणिकप्पा म्हणाला. मी हो म्हटलं. पेवात लपलेल्या माणसाला कुणीतरी लागतोच.

त्याच संध्याकाळी गाव सरहद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला पळालं. चार महिने आम्ही छावणीत काढले. आई एकदाच म्हणाली, "खाजा तसा न्हाय." मी तिच्या अंगावर धावून गेलो. पुन्हा ती बोलली नाही.

भाद्रपदात नळदुर्गाकडून भारताच्या फौजा आल्या आणि चार-पाच दिवसांत निजामी संपली. रझाकार पळाले. मग सूड घ्यायची आमची पाळी आली. ज्यांनी काही केलं होतं ते पळाले होतेच, ज्यांनी काही केलं नव्हतं ते घरात सापडले. आसपासच्या गावांत त्या आठवड्यात जे झालं ते मी पाहिलं आहे. विहिरी पाण्याच्या राहिल्या नव्हत्या.

आम्ही घरी परतलो त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी घाटात आवाज आला. खर्र खर्र, खर्र खर्र.

मी, माणिकप्पा आणि चुलतभाऊ बिराप्पा, तिघं शेवटच्या वळणावर जाऊन थांबलो. वाटलं, केवढी छाती याची! भाऊ खाल्ला आणि वर तीच फांदी फरफटत येतो. तो वळणावर आला. एका हातानं सायकल धरली होती, दुसरा पोटाशी होता. मला पाहून त्याचा चेहरा पडला. पाय टेकवत त्यानं विचारलं, "श्रीमंता, जेवला का?"

मी हातातली काठी चाकात घातली. तो दगडांवर तोंडघशी पडला. पहिला धोंडा मी उचलला, मग तिघांनी. लाथा घातल्या, डोकं धरून काळ्या फत्तरावर आपटलं. त्यानं एकच हात वर केला, दुसरा उचलतच नव्हता. "आक्काला भेटायचंय," एवढंच त्याच्या तोंडून कळलं. त्यानंतर तोंडच उरलं नाही. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मारताना लई बरं वाटत होतं.

थांबलो तेव्हा आई मागं उभी होती. आवाज ऐकून निघाली होती, हातात ते जर्मनचं भांडं, ताकानं भरलेलं.

"त्यानं रझाकार आनले, आये. फांदीची खूण हुती रस्त्याला," मी म्हणालो.

"कुठवर हुती?"

"वेशीपतूर. फांदी वेशीतच पडली हुती, गोरोबापाशी. म्याच बाजूला केली."

आई म्हणाली, "सात वर्सं झाली, खाजा फांदी कुठं सोडतो?"

आमच्या दारात सोडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"उतार संपला की फांदीचं काय काम? मैलभर सपाटीला काटं वढत कोण जाईल रं? ज्याला ठावं न्हाय त्यो. सायकल ह्याची हुती, बसनारा दुसरा हुता."

तिनं खाली बसून त्याची बाही वर केली. हात कोपराखाली वाकडा होता, मोडून वेडावाकडा सांधलेला. माणिकप्पा आणि बिराप्पा कधी निघून गेले मला कळलं नाही. आईनं ताक तिथंच ओतून दिलं.

"त्याच्या घरी ने त्याला. सायराबीला तुज्या तोंडानं सांग, म्याच मारला म्हनून. त्याबगर घरात पाय ठिवू नगंस."

फांदीच्या सुंभानंच मी त्याला सायकलीवर आडवा बांधला. पुढचं चाक वाकलं होतं, दर फेऱ्याला अडत होतं. तो सात वर्षं ढकलत चढला तो घाट मी त्याला ढकलत चढलो. माथ्यावर पोचायला दुपार झाली.

सायराबी, त्याची बायको, दार लावून आत बसली होती. माझी हाक ओळखून तिनं फट केली. माझ्या तोंडून निघालं, "भाभी, जेवला का?"

ती खालीच बसली. मग उठून बाहेर आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्याशीच बोलायला लागली. "एका हातानं उतरू नका म्हनलं हुतं ना मी. चालत जावा म्हनलं हुतं." मग मला सांगू लागली. वैशाखात रझाकार सायकल मागायला आले, यानं दिली नाही, तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं हात मोडला आणि कोंडून ठेवला. ते पळाले तेव्हा सायकल ओढ्यात टाकून गेले. "गोरोबाचं काल कळलं त्यांना. रातभर रडले. सकाळी म्हनले, पयले आक्काला भेटून येतो."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"भाई, अशा दिवसांत तुमी त्यांना उचलून घरी आनलं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनी हात लावला नसता. अल्ला तुमचं भलं करो."

"वळनावर घसरली," मी म्हणालो. "दगडं लई हायती तिथं."

घरी आलो तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हनली?"

"काय न्हाय."

आईनं मला आत येऊ दिलं. तिची स्वतःची मात्र पुन्हा कधी घाट चढायची हिंमत झाली नाही. पुढच्या ईदला वरून उतरणाऱ्या धनगराबरोबर सायराबीनं शीरखुर्म्याचं भांडं पाठवलं. त्या वर्षापासून दर ईदला यायचं. ज्या बाईनं जन्मभर खाजामियाँचं भांडं कोनाड्यात पालथं ठेवलं, ती ते भांडं दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची, देवापुढं ठेवायची.

"केवढं काळीज म्हनावं बाईचं," आई दर वर्षी म्हणायची. "सगळं ठावं असून तुला गोड धाडती." आणि वाटी भरून माझ्यापुढं सरकवायची.

आई गेली तोवर बावीस ईदा झाल्या. दर ईदला मी ती वाटी संपवली.